डोळ्यातला गैरहजर साक्षीदार

नांदूरघाट
माघ वद्य ५, शके १८४८
(फसली सन १३३६, महिना फरवर्दी)

धोंडीराम पाटील, मुक्काम कडा, यांना आप्पारावांचा नमस्कार. हा नमस्कार रीतीपुरता आहे. त्यावरून माझा राग गेला असं कुणी समजू नये.

पत्र तुमच्या नावाचं आहे, कारण नवऱ्याने बायकोला थेट पत्र घालायची आपल्यात चाल नाही; आणि घातलं तरी ओसरीवर बसून वाचून दाखवणार तुम्हीच. तेव्हा आधीच बजावतो. वाचताना मध्येच हसायचं नाही, ओळ गाळायची नाही, पदरचं काही घालायचं नाही. या गावाचे सगळे अर्ज अठरा वर्षं मी लिहितो. मराठी, मोडी, उर्दू, तिन्ही मी माझा शिकलो, कुणी गुरुजी ठेवला नव्हता. माझ्या पत्रातला शब्द इकडचा तिकडे झाला तर मला इथे बसून कळतं.

आता हकिकत, घडली तशी.

तुमच्या अंजनाच्या लग्नाचं कापड आणायचं काम मी आपण होऊन पत्करलं. सख्ख्या आत्याचा नवरा म्हणून तो मान माझाच होता. मोमिनाबादेला जातीने गेलो. तुमची बहीण साखराबाई 'मी येते की संगं' म्हणून मागे लागली होती. मी म्हणालो, कापड सूत बघून घ्यायचं असतं, बायकांची गर्दी करून नाही. निघताना तिने माझ्या उपरण्याच्या टोकात हिरव्या बांगडीचा तुकडा बांधला, वर दोन गाठी मारल्या, आणि म्हणाली, 'ह्याला लावून बघा.' मला! वेशीबाहेर पडल्याबरोबर मी तो तुकडा सोडून टाकला.

राधाकिशन शेठच्या दुकानात दोन तास बसलो. सूत भिंगाखाली पाहिलं. काठ सव्वाचार बोटं भरला. लांबी नऊ वार आणि वर चार बोटं. ओला रुमाल घासून रंग पक्का असल्याची खात्री केली. शेठने माझ्या निवडीला एका शब्दाने हरकत घेतली नाही. असं हे पाठवणीचं हिरवं लुगडं.

आणि तुमच्या मांडवात काय झालं? घडी उघडली आणि बायका तोंडाला पदर लावायला लागल्या. विहीणबाई म्हणाल्या, 'नवरीला सासरी धाडताव का गुऱ्हाळावर?' त्या परक्या, त्यांना माफ. पण तुम्ही, धोंडीराम, भर पंगतीत, वरणाची बादली हातात असताना ओरडलात, 'दाजी, आंधळे झालाव का? हे तपकिरी हाय!' दोनशे माणूस जेवत होतं. (एकशे ब्याण्णव. पत्रावळी मी मोजल्या होत्या.)

त्यावर मी तुमच्या खानदानाविषयी जे बोललो ते कागदावर घालण्यासारखं नाही. पानावरून उठलो, लुगडं काखोटीला मारलं, छकडा जुंपायला सांगितला. तुमच्या बहिणीला म्हणालो, चल. ती म्हणाली, 'आधी जेवून घ्या.' मी म्हणालो, चल. ती म्हणाली, 'चुकलं म्हणा आन् बसा पानावर. त्याबिगर मी येत न्हाई.'

अंजना तेवढी हसत होती. पोरगी समजूतदार आहे.

आज बारावा दिवस. साखराबाईंना आठ दिवसांच्या आत पोचतं करावं. लुगडं हिरवं आहे. मुद्देमाल म्हणून माझ्या ताब्यात आहे.

आप्पाराव


नांदूरघाट
माघ वद्य ११
(सदर महिना, सदर साल)

धोंडीराम पाटील यांना नमस्कार. हाही रीतीचाच.

तुमचं कार्ड मिळालं. एकूण ओळी चार, त्यातल्या दोन वाकड्या. तुम्ही लिहिता, 'आक्का म्हणती, ज्या माणसांपुढं तोंड टाकलं त्याच माणसांपुढं चुकलो म्हणा, मी दुसऱ्या दिशी छकड्यात बसते.' बरं. पण जी चूक झालेलीच नाही ती कबूल करणं म्हणजे खोटी साक्ष. खोटी साक्ष मी परक्यासाठी दिली नाही, ती स्वतःविरुद्ध कशी देऊ?

मी कायद्याने चालणारा माणूस. सोमवारी सूर्य कासराभर वर आल्यावर, लख्ख उजेडात, लुगडं ओसरीच्या वळणीवर पसरलं आणि पंचनामा मांडला. अकरा साक्षीदार बोलावले. एकाची जबानी दुसऱ्याच्या कानावर पडू नये म्हणून बाकीच्यांना गोठ्यात बसवलं.

पहिला, सटवा धनगर. म्हणाला, 'मालक, ह्यो तर माझ्या थोरल्या मेंढीचा रंग हाय.' मी विचारलं, 'म्हणजे तुझी मेंढी हिरवी आहे?' तो म्हणाला, 'मेंढी कशी हिरवी आसंल बे!' आणि लगेच जीभ चावून माझ्या पाया पडला. 'बे' हा शब्द पंचनाम्यातून वगळला आहे.

दुसरी बायनाबाई. ती आता माझ्या दोन वेळच्या भाकरी थापते, म्हणून तिने माझ्या बाजूने बोलावं अशी माझी अपेक्षा होती. तिने लुगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'कावून गरिबाची थट्टा करताव? गवरी वाळली की अशीच दिसती.'

असे दहा झाले. अकरावा माझा सख्खा धाकटा भाऊ मोहनराव. त्याने एकदाच पाहिलं आणि खणखणीत सांगितलं, 'हिरवं. ह्यात इचारायचं काय, दादा?'

दहा विरुद्ध एक. पण साक्षी मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. मोहनराव माझ्या हाताखाली वाढला, त्याची नजर मी तयार केली. तेव्हा निकाल: लुगडं हिरवं.

तुमच्या बहिणीवाचून घर अडलं आहे असं कुणी म्हणत असेल तर त्याला कळवा की अडलेलं नाही. उलट तिच्या हातचा गबाळेपणा आता उघडकीला येतो आहे. माझ्या फेट्यांच्या टोकांना गाठी! एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. बावीस वर्षं सांगतो आहे, बांधताना बोटाला टोचतं. तर म्हणायची, 'राहू द्या, कडंच्या सुतांच्या दशा निघत्यात.' वर फेट्यांना नावं काय, तर 'आज दोन गाठीचा बांधा,' 'आज बिनगाठीचा.' लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. मीही मुकाट्याने बांधत होतो. आज एकादशी, चूल बंद, वेळ होता. नऊ फेट्यांना होत्या तेवढ्या गाठी सोडवल्या आणि सगळ्यांच्या घड्या एका मापाच्या घातल्या. पेटी आता बघण्यासारखी झाली आहे.

तिला हे वाचून दाखवा.

आप्पाराव


नांदूरघाट
फाल्गुन शुद्ध ६

धोंडीराम पाटील यांना नमस्कार.

एक बातमी तुमच्यापर्यंत इतर तोंडांनी पोचेल, त्याआधी ती खऱ्या रूपात माझ्याकडून पोचावी म्हणून हे पत्र.

गेल्या गुरुवारी आमच्या गावातल्या आसारामच्या वडिलांचा तेरावा होता. मी राखी रंगाचा फेटा बांधून गेलो. दुःखाच्या घरी राखी रंग शोभतो. बैठकीत मी पाय ठेवला. आसाराम नुसता माझ्या डोक्याकडे बघत राहिला. पोरकं झालेलं माणूस, म्हटलं असेल नजर कुठंतरी. मग सटवा दारातून वाकून म्हणाला, 'मालक, वरात कुणाची हाय?'

फेटा गुलाबी होता, असं लोकांचं म्हणणं पडलं.

मी घरी येऊन मोहनरावला दाखवला. तो म्हणाला, 'राखी हाय, दादा. लोक येडे झालेत.' मोहनराव माझ्या बाजूने बोलला आणि मला बरं वाटलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. का ते सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मिरचीच्या वावरात गेलो. पिकलेल्या तेवढ्या तोडून टोपली भरून आणली. बायनाबाईने सुपात ओतली आणि निम्मी बाजूला सारली. 'मालक, ह्या कवळ्या कावून तोडल्या?' मी म्हणालो, तुला दिसतंय का नीट? ती म्हणाली, 'मला दिसतंय की.' ती 'मला' वर जरा दाबून बोलली. दर साली मिरची तुमची बहीण तोडायची. मी बांधावर उभा राहून देखरेख करायचो.

तीन दिवस झाले, मी वस्तूंकडे टक लावून बघत बसतो आहे. लिंबाचा पाला. विटा. शेजारणीच्या डोक्याला बांधलेलं फडकं. शेजारीण आत निघून गेली आणि दार लावून घेतलं. तेही तुमच्या कानावर येईल, म्हणून लिहून ठेवतो.

यावरून मी काही कबूल केलं असं समजू नये. मोमिनाबादेच्या दवाखान्यात हैदराबादेहून डोळ्याचे डॉक्टर आले आहेत. त्यांच्याकडून शास्त्रोक्त तपासणी करून दाखला आणतो. लेखी दाखला, शिक्क्यानिशी. मग तुमची ओसरी आणि माझा कागद.

आप्पाराव

ता. क. साखराबाईंची उन्हाळ्यात टाच फुटते. लोणी लावायला सांगावं.


नांदूरघाट
फाल्गुन शुद्ध १३
(फसली महिना अर्दीबिहिश्त)

धोंडीराम, नमस्कार!

निर्दोष सुटलो! ओसरीवर सगळ्यांना बसवा. साखराबाई आत असतील तर बाहेर बोलवा. मग पुढचं वाचा, सावकाश, शास्त्र आहे.

डॉक्टर विद्वान माणूस. निम्मं उर्दू, निम्मं मराठी बोलतात. त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत लोकरीच्या लडी, सव्वाशेच्या वर, हर तऱ्हेच्या रंगाच्या. रेल्वेत माणूस ठेवण्याआधी याच लडींनी त्याची परीक्षा घेतात, कारण लाल बावटा आणि हिरवा बावटा ज्याला कळत नाही त्याच्या हाती गाडी कशी द्यायची? एक लडी माझ्यापुढे टाकून म्हणाले, 'आप्पाराव साहब, ये हरा. ह्याचे भाईबंद ढिगातून काढा.'

मी झटक्यात काढले. अठ्ठावीस लडी. पिळाला पीळ लावून ओळीत मांडल्या. डॉक्टरांनी कंपाउंडर धुळाजीला हाक मारली. धुळाजी आला, बघितलं आणि म्हणाला, 'सायेब, ह्यांच्या हिरव्याच्या घरी तर राखी, तपकिरी, गुलाबी, समदे सोयरे जेवायला आलेत की!'

मी उठून निघालोच होतो. डॉक्टरांनी हात धरून बसवलं आणि कागदावर डोळा काढून दाखवला. तो कागद माझ्याजवळ आहे. ऐका.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो. त्यावर उजेड टिपणारे बारीक कण असतात, नुसत्या डोळ्याला न दिसणारे. त्यांच्या जाती दोन. एक काडीसारखी सरळ, दुसरी गाजरासारखी निमुळती. काड्या एका डोळ्यात बारा कोटींच्या वर. आकडा मी दोनदा विचारून घेतला. निजाम सरकारच्या सगळ्या मुलखात मिळून एवढी माणसं नाहीत. अंधूक उजेडात काम करतात त्या काड्या. पण त्यांना रंग कळत नाही. म्हणून दिवेलागणीला विहिरीवरची लुगडी सगळ्यांनाच सारखी दिसतात, तुम्हालासुद्धा, धोंडीराम.

रंगाचं खातं गाजरांकडे. ती सत्तर लाखांच्या आसपास, आणि त्यांच्यात पुन्हा तीन भावक्या. उजेड पडला की कणाच्या पोटातलं द्रव्य पालटतं आणि शिरेतून मेंदूला खबर जाते. पहिल्या भावकीची गाजरं लालकडच्या उजेडाला जास्त जागी होतात, दुसरीची हिरव्याकडच्या, तिसरीची निळ्याकडच्या. आता इथे घोटाळा करू नका. एकट्या कुठल्याच भावकीला रंग म्हणून कळत नाही. तिला फक्त ओरडता येतं, मोठ्याने नाहीतर हळू.

मी डॉक्टरांना म्हणालो, म्हणजे हे तीन साक्षीदार आणि मेंदू हा मुन्सिफ. ते पेन खाली ठेवून म्हणाले, 'वाह! बिलकुल.' मुन्सिफ तिघांच्या जबान्या एकमेकींशी ताडून बघतो. पहिला जोरात, दुसरा हळू, की लाल. दुसरा जोरात, पहिला हळू, की हिरवा. दोघं सारख्याच आवाजात बोलले आणि तिसरा गप्प राहिला, की पिवळा. जगातला जेवढा म्हणून रंग आहे तो या तिघांच्या जबानीतला फरक आहे. बाहेर रंग नाही, धोंडीराम. बाहेर नुसता उजेड आहे. रंग आत ठरतो, निकालासारखा. ओसरीवर कुणाला हे पटणार नाही. मलाही दीड तास लागला.

माझ्या डोळ्यात दुसरा साक्षीदार जन्मापासून गैरहजर आहे. त्यामुळे हिरवं, तपकिरी, लाल, सगळ्याची जबानी एकटा पहिलाच देतो आणि तो तिन्ही वेळा एकाच आवाजात बोलतो. मुन्सिफाने काय करावं?

मी विचारलं, 'मग मला दिसतो तो रंग कोणता?' डॉक्टर म्हणाले, 'वो तो सिर्फ आपको मालूम. आणि तुम्हाला सांगता येणार नाही.' हे मी कागदाच्या कडेला लिहून घेतलं.

आणखी एक. हा दोष आईच्या वाटेने मुलाला येतो, आईला स्वतःला न होता. डॉक्टरांनी विचारलं, 'भाई है? उनका क्या कहना है लुगडे के बारे में?' मी प्यायला पाणी मागितलं.

तर मोहनरावची साक्ष रद्द करतो. लुगडं तपकिरी असावं. पण हे मी चुकीने आणलेलं नाही, कसूर गैरहजर साक्षीदाराची आहे, आणि तसा शिक्क्यानिशी दाखला आहे. जन्मतः ज्याला एक साक्षीदार कमी, त्याला भर पंगतीत आंधळा म्हणणाऱ्याने आता माझी माफी मागावी, आणि साखराबाईंनी धुळवड झाल्याबरोबर निघावं. पुरणपोळी बायनाबाईला जमत नाही.

आप्पाराव


नांदूरघाट
फाल्गुन वद्य ६

धोंडीराम,

कार्ड मिळालं. तुम्ही लिहिता, तुम्ही माझं शास्त्र ओसरीवर सगळं वाचून दाखवलंत, गाळलं नाही. साखराबाई ज्वारी निवडत ऐकत होत्या. शेवटी त्या एवढंच बोलल्या:

'साक्षीदार आला न्हाई तर मुन्सिफ पेशी पुढं ढकलतो. ह्यांनी निकाल देऊन टाकला.'

हे मी तीनदा वाचलं. अठरा वर्षं मी अर्ज लिहितो. उलटतपासणीला भल्याभल्या वकिलांना घाम फुटलेला मी पाहिला आहे. पण असा मुद्दा कुणी मांडलेला पाहिला नाही. मी उत्तर लिहायला बसलो. दोन कागद खराब केले. मग ठरवलं, आधी फेटा बांधून देवळात जाऊन यावं.

पेटी उघडली. नऊ फेटे, एका मापाच्या घड्या, बघण्यासारखे. कुठला घ्यावा ते कळेना. मी उभा राहिलो आणि माझी बोटं आपोआप कापडाच्या टोकाकडे गेली, गाठ चाचपायला.

धोंडीराम, गाठ नव्हती.

'आज दोन गाठीचा बांधा.' बावीस वर्षं. लग्नाला, उरुसाला, तहसिलीत जाताना, तेराव्याला. दशा निघत नव्हत्या. माझ्या डोळ्यात जो साक्षीदार नव्हता तो तिने माझ्या बोटाशी आणून उभा केला होता, आणि मला कळू दिलं नव्हतं, कारण मला कळलं असतं तर मी काय बोललो असतो ते तिला ठाऊक होतं. डॉक्टरांना सव्वाशे लडी लागल्या. तिला कधी कळलं?

मला वाटतं मला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तिला हौसेने हिरवा चुडा आणला होता. ती तो भरून आठ दिवस गावभर हिंडली, देवळात गेली, हळदीकुंकवाला गेली. मग म्हणाली, पाण्याला जाताना वाढला, आणि हसून दुसरा भरून आली. तो चुडा कोणत्या रंगाचा होता ते कळवावं. किंवा राहू द्या.

आता जी माणसं त्या पंगतीला होती त्यातली सापडतील तेवढी गोळा करा. एकशे ब्याण्णव जमणार नाहीत, पण विहीणबाईंना निरोप जावा. उभं राहून वाचा. गाळलेलं आता चालणार नाही.

लिहून देणार आप्पाराव, वय सत्तेचाळीस, राहणार नांदूरघाट. कारणे लिहून देतो की, माझ्या आधीच्या पत्रांत खाली दिल्याप्रमाणे दुरुस्ती समजावी. राधाकिशन शेठने हरकत घेतली नाही असं मी लिहिलं. घेतली होती, तीनदा. पहिल्यांदा म्हणाला, 'आप्पारावजी, हिरवं ह्ये इकडचं, तुमच्या हातात तपकिरी हाय.' दुसऱ्यांदा नोकराला बोलावून त्याच्याकडून वदवलं. तिसऱ्यांदा हात जोडले. मी म्हणालो, शेठ, मला रंग शिकवू नका. अंजना हसत होती असं लिहिलं. ती रडत होती, आईचं जुनं हिरवं लुगडं नेसून, आणि मी छकड्यातून मान वळवून पाहिलं होतं. धोंडीरामांच्या खानदानाविषयी जे बोललो ते परत घेतो. ते खानदान नसतं तर मी बावीस वर्षं गावाच्या हसण्याचा विषय झालो असतो. डोळ्यातला साक्षीदार गैरहजर असणं ही माझी चूक नाही, त्याचा दाखला सोबत आहे. पण बाहेर एक साक्षीदार हजर होता, 'मी येते की संगं' म्हणत होता, आणि त्याला मी घरी ठेवून गेलो. ही चूक माझी. चुकलो. हे मी शुद्धीवर, कुणाच्या दडपणाशिवाय लिहून दिलं आहे.

झालं. आता बसा.

आज देवळात बोडक्याने जाऊन आलो. लोकांना वाटलं घरात काहीतरी वाईट झालं. सटवा घरापर्यंत मागे आला आणि दारात थांबून म्हणाला, 'मालक, वैनीला आणा की आता.'

आप्पाराव


मोमिनाबाद, राधाकिशन शेठचं दुकान
फाल्गुन वद्य १२

साखराबाई,

हे पत्र तुमच्याच नावाचं आहे. चाल नाही हे मला माहीत आहे. धोंडीराम वाचून दाखवतीलच, पण या वेळी ते नुसते वाचणारे. माफीचं त्यांचं कार्ड मिळालं, त्यातल्या चारही ओळी सरळ होत्या.

अंजनाचं लुगडं घ्यायचं राहिलं आहे. पाडव्याला तिला सासरहून आणाल तेव्हा ओटीत घालायचं. शेठने अकरा लुगडी पसरली. मी सूत पाहिलं, काठ मोजला, लांबी मोजली. ते माझं काम, ते मी सोडणार नाही. त्यातलं एक बाजूला काढलं आहे. शेठ म्हणतो, हिरवं आहे. नोकर म्हणतो, हिरवं आहे. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला विचारलं, तीही म्हणाली, हिरवं, आणि जरा लांबून निघून गेली. तीन साक्षी झाल्या.

तरी घेतलेलं नाही. शेठला सांगितलं, पाडव्यापर्यंत ठेवा, पेशी पुढे ढकलली आहे. तो म्हणाला, 'लई बरं केलं, आप्पारावजी,' आणि त्याने मला पान दिलं. मागच्या वेळी दिलं नव्हतं.

लुगड्याच्या पदराच्या कडेचा, शेठने काढून दिलेला बोटभर तुकडा सोबत आहे. तो उजेडात धरून बघावा. टोकाला मी दोन गाठी मारल्या आहेत. दोन म्हणजे हिरवा, असं माझ्या बोटांना आठवतं. चूक असेल तर सोडाव्या आणि बरोबर असतील तेवढ्या माराव्या.

तुकडा टपालाने परत पाठवू नये. घेऊन यावं.

आप्पाराव